फासा, निवड आणि कथा : जोगेश्वरीच्या लेण्यातील अक्षक्रीडेपासून कथाप्रधान व्हिडिओ गेमपर्यंत

प्रास्ताविक

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील जोगेश्वरी पूर्व येथील लेणे हे महाराष्ट्रातील आरंभीच्या मोठ्या शैव लेण्यांपैकी एक होय. वॉल्टर स्पिंक यांनी त्याचा काळ इ. स. ५२० ते ५५० असा मानला आहे. म्हणजे घारापुरीच्या मुख्य लेण्याच्या किंचित आधीचे हे काम ठरते. आज लेण्याच्या वर आणि सभोवती दाट वस्ती आहे, पावसाळ्यात आत पाणी झिरपते आणि ठिसूळ खडकातील शिल्पे इतकी झिजली आहेत की अनेक ठिकाणी केवळ देहांची बाह्यरेषा उरली आहे. पूर्वेकडील प्रवेशाच्या भागात जी शिल्पे आहेत त्यांत लकुलीश, कैलास हलविणारा रावण, शिव-पार्वती विवाह यांच्याबरोबर आणखी एक प्रसंग ओळखता येतो. शिव आणि पार्वती समोरासमोर बसून फासे खेळत आहेत. कलेतिहासात या प्रसंगास अक्षक्रीडा असे नाव आहे.

हे शिल्प पाहणारा भाविक सहाव्या शतकातही कथा जाणून होता. या डावात शिव हरणार हे त्याला ठाऊक होते. तरीही शिल्पकाराने हरलेला शिव न दाखविता खेळणारा शिव दाखविला. ज्या कथेचा शेवट ठरलेला आहे तिच्यात खेळणाऱ्याच्या चालीला अर्थ काय, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत अगदी वेगळ्या क्षेत्रात पुन्हा उभा राहिला आहे. कथाप्रधान व्हिडिओ गेम खेळणारे विद्यार्थी आज प्रत्येक महाविद्यालयात आहेत. या खेळांविषयी त्यांची नेहमीची तक्रार अशी की, खेळ पदोपदी निवड करावयास लावतो, परंतु शेवट तोच राहतो, म्हणजे निवड हा केवळ देखावा होय. ही तक्रार कितपत खरी, याचा विचार महाराष्ट्रातील खेळकथांच्या इतिहासाच्या आधारे करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

या विवेचनात निवडीचे महत्त्व दोन मापांनी मोजले आहे. निवडीमुळे कथेचा परिणाम किती बदलतो, हे पहिले माप. त्यास येथे ‘फलभेद’ म्हटले आहे. निवड करणाऱ्यावर त्या कृतीचा भार किती येतो, हे दुसरे माप. त्यासाठी ‘उत्तरदायित्व’ हा शब्द योजला आहे. व्हिडिओ गेमविषयीची बहुतेक चर्चा पहिल्याच मापाने चालते. मराठी मुलखातील खेळकथांना मात्र दुसरे माप अधिक परिचित आहे.

जोगेश्वरीचा डाव आणि खंडोबाचा सारीपाट

अक्षक्रीडेची कथा स्कंदपुराणाच्या केदारखंडात सविस्तर येते. पार्वती डाव जिंकते, शिव एकेक आभूषण हरतो, अखेर सर्वस्व गमावून रानात निघून जातो आणि पार्वती शबरीच्या रूपाने त्याला पुन्हा भुलविते. वेरूळच्या चौदा, एकवीस आणि एकोणतीस या क्रमांकांच्या लेण्यांत हाच प्रसंग कोरला आहे. एकविसाव्या लेण्यात पटाच्या खाली नंदीची खोडी काढणारे गण दिसतात, त्यामुळे प्रसंगाला घरगुती खोडकरपणा येतो. घारापुरीच्या एका शिल्पपटाचा अर्थही चार्ल्स कॉलिन्स यांनी १९८८ च्या ग्रंथात याच कथेच्या आधारे लावला आहे. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन यांनी १९९७ मध्ये शिवाच्या द्यूतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पूर्ण असलेल्या देवाने डावात उतरणे हेच त्याचे पहिले हरणे होय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

हा निष्कर्ष तात्त्विक दृष्ट्या आकर्षक असला तरी त्यात खेळणाऱ्याची निवड मागे पडते. तिचा शोध घ्यावयाचा तर लेण्यातून बाहेर पडून जेजुरीकडे वळावे लागते. शिवाचा अवतार मानल्या गेलेल्या खंडोबाच्या लोककथेत अक्षक्रीडेचे मराठी रूप सापडते आणि ते पुराणातील रूपापेक्षा अधिक धीट आहे. म्हाळसा ही वाण्याची कन्या, खंडोबाची पहिली पत्नी. बाणाई ही धनगराची कन्या. खंडोबाचे मन बाणाईवर जडते. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट मांडतात, हरणाऱ्याने बारा वर्षे वनवासात जावे असा पण लागतो आणि खंडोबा हरतो. मग तो बाणाईकडे जाऊन चाकर म्हणून तिची मेंढरे राखतो. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर यांच्या अभ्यासांतून या कथेचे सामाजिक पदर उलगडले आहेत. शेतीव्यापार करणारा समाज आणि पशुपालक समाज एका दैवताभोवती कसे जोडले गेले, हे त्यांतून दिसते.

येथे महत्त्वाची बाब अशी की अनेक कथनांत खंडोबा हरत नाही, तो हरणे पत्करतो. सारीपाटाचे स्वरूप लक्षात घेतल्यास हे कसे शक्य होते ते कळते. फाशांचे दान कोणते पडावे हे खेळणाऱ्याच्या हाती नसते, परंतु पडलेल्या दानावर कोणती सोंगटी हलवावी हे त्याच्या हाती असते. चार रंगांच्या सोळा सोंगट्यांमध्ये कोणती पुढे न्यावी, कोणती घरात राखावी, कोणती मरू द्यावी याचा निर्णय प्रत्येक दानाला घ्यावा लागतो. म्हणूनच सारीपाट जाणूनबुजून हरता येतो. जागरणात वाघ्या-मुरळी ही कथा गातात तेव्हा शेवट प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असतो. श्रोत्याचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे असते. हे हरणे कोणाचे, दैवाचे की देवाचे, आणि म्हाळसेच्या दुःखाचा हिशेब कोणी द्यावयाचा? ‘जय मल्हार’ ही मालिका २०१४ ते २०१७ या काळात दूरचित्रवाणीवर चालली. शेवट माहीत असूनही घरोघरी ती पाहिली गेली, याचे कारणही बहुधा हेच असावे.

फलभेदाच्या मापाने खंडोबाच्या डावाची किंमत शून्य भरते, कारण कथा दरवेळी त्याला बाणाईकडेच नेते. उत्तरदायित्वाच्या मापाने मात्र संपूर्ण कथा त्या पटावर तोललेली आहे.

सभेतील प्रश्न

महाभारतातील द्यूतसभा हे याच प्रश्नाचे अधिक कठोर रूप होय. योहान हायझिंगा यांनी खेळ आणि संस्कृती यांचा संबंध मांडणाऱ्या १९३८ च्या ग्रंथात या द्यूताची दखल घेतली आहे. युधिष्ठिराचे फासे कपटाचे होते, म्हणजे परिणाम आधीच ठरलेला होता. परंतु पणाला काय लावावे ही निवड प्रत्येक वेळी त्याचीच होती. द्रौपदीचा प्रश्न नेमका याच जागी बोट ठेवतो. स्वतःला आधी हरलेला पुरुष दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकारी राहतो काय, असे ती विचारते. फासे खोटे होते की खरे, हा तिचा प्रश्न नाही. डाव कोण खेळत होता, त्या क्षणी कर्ता कोण होता, हे तिला जाणून घ्यावयाचे आहे. भीष्मांसारख्या ज्येष्ठालाही त्याचे नि:संदिग्ध उत्तर देता आले नाही. खेळातील निवडीविषयी भारतीय साहित्यात विचारला गेलेला याहून नेमका प्रश्न सापडणे अवघड आहे.

मोक्षपट : निवड नसलेला खेळ

सारीपाटाच्या उलट टोकाला मोक्षपट उभा आहे. साप आणि शिड्या यांच्या खेळाचा हा पूर्वज. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांकडे देते. तेराव्या शतकातील समकालीन पुरावा या समजुतीस नाही. जपले गेलेले पट मुख्यत्वे अठराव्या शतकापासूनचे आहेत. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये अशा पटांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यात वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील मोक्षपटांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठास सादर केलेल्या २०१९ च्या प्रबंधात पश्चिम भारतातील, विशेषतः मराठी आणि गुजराती परंपरेतील पटांचा विस्ताराने विचार केला. या पटांची घरे सर्वत्र सारखी नाहीत. वैष्णव परंपरेत बहात्तर घरांचा पट प्रसिद्ध आहे व त्यात अडुसष्टावे घर वैकुंठाचे असते. जैन पटांत चौऱ्याऐंशी घरांचा प्रकार आढळतो. सूफी परंपरेतही या खेळाचे रूप होते.

मोक्षपट हा शब्दशः कथाप्रधान खेळ आहे. जन्मापासून मोक्षापर्यंतचा प्रवास हे त्याचे कथानक होय. प्रत्येक घराला नाव असते, अवगुणाच्या घरी साप आणि सद्गुणाच्या घरी शिडी असते. खेळणारा कवड्या टाकतो, पडलेल्या दानाइतकी घरे मोजतो आणि जेथे पोहोचेल तेथील नाव वाचतो. त्याला निवड कोठेच नाही. सोंगटी एकच, वाट एकच. कौशल्याने खेळून वैकुंठ गाठता येत नाही आणि मूर्खपणाने सर्पमुखी पडता येत नाही.

नीतीचे शिक्षण देऊ पाहणाऱ्या खेळात नीतीची निवडच नसावी, हा विरोधाभास मोक्षपटाच्या अभ्यासकाला थांबवितो. याचा उलगडा दोन प्रकारे होऊ शकतो. कर्मसिद्धांताच्या चौकटीत कवड्यांचे दान हे निव्वळ दैव नसून पूर्वकर्माचे फळ आहे. म्हणजे निवड झालेली आहे, पण ती पटाबाहेर, आधीच्या जन्मात. दुसरा उलगडा अधिक व्यावहारिक आहे. खेळ संपल्यावर खेळणारा पटावरून उठतो तेव्हा मत्सर, लोभ, दया, भक्ती ही नावे त्याच्याबरोबर उठतात. त्याला पुढची निवड घरात आणि बाजारात करावयाची असते. मोक्षपटाने निवड नाकारली नाही, तिची जागा हलविली.

हीच जागा इंग्लंडमध्ये हरवली. १८९० च्या दशकात हा खेळ तेथे छापील पटाच्या रूपाने विकला जाऊ लागला. आरंभीच्या पटांवर काटकसर, उद्योग, आज्ञाधारकपणा असे सद्गुण व त्यांची बक्षिसे चित्रित होती. हळूहळू नावे गळाली, चित्रे उरली, पुढे चित्रेही गौण झाली. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. वैकुंठाचे घर गेले आणि शंभरावे घर आले. आज मुंबईतील लोकलमध्ये मोबाइलवर जो सापशिडीचा खेळ खेळला जातो तो याच विलायतेहून परतलेल्या पटाचा वंशज आहे. कथा काढून घेतल्यावर मोक्षपटात केवळ दैव उरले. निवडीवाचून खेळ चालतो, परंतु निवडही नाही आणि कथाही नाही अशा खेळात खेळणाऱ्याच्या वाट्याला वाट पाहण्याखेरीज काही येत नाही.

रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे वर्गीकरण करताना स्पर्धा व दैव यांना भिन्न कोटी मानले. भारतातील कायद्यानेही ही विभागणी दीर्घकाळ चालविली. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा विचार केला. अशा कोड्यांत अनेक सूचनांना दोन पर्यायी शब्द लागू पडत आणि बक्षीस मिळे ते आधीच ठरवून बंद ठेवलेल्या उत्तराशी जुळणाऱ्यास. न्यायालयाने यात कौशल्याचा पुरेसा अंश नसल्याचे मानून हा जुगार ठरविला. निवड करू दिली जाते परंतु तिचा निकाल अन्यत्र ठरलेला असतो, अशा रचनेचे हे नमुनेदार उदाहरण होय. केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैशांच्या खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला सारला आहे. कथाप्रधान खेळांचा त्याच्याशी संबंध नाही. परंतु खेळणाऱ्याची निवड मोजण्याचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

संगणकावरील कथा

संगणकावरील कथाप्रधान खेळाचा आरंभही एका गुहेत झाला, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. विल्यम क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास केंटकीतील मॅमथ गुहेच्या अनुभवावर केवळ शब्दांनी खेळला जाणारा खेळ रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढविला. खेळणाऱ्याने दिशा टंकित करावयाची आणि संगणकाने पुढचे दालन वर्णन करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. १९७९ मध्ये एडवर्ड पॅकर्ड यांचे ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात वाचकाने अमुक केल्यास अमुक पानावर जावे, अशा सूचना होत्या आणि त्याला चाळीस शेवट होते. या पुस्तकाने एका पिढीच्या मनात निवड म्हणजे वेगळा शेवट असे समीकरण पक्के केले. जेनेट मरे यांनी १९९७ च्या ग्रंथात संगणकीय कथेतील कर्तेपणाची जी व्याख्या दिली, तिच्यातही अर्थपूर्ण कृती करणे आणि तिचा परिणाम पाहावयास मिळणे या दोन्ही अटी आहेत.

या समीकरणाची अडचण गणिताची आहे. दर वेळी दोनच पर्याय असलेल्या दहा निवडी दिल्या तर १,०२४ वाटा होतात. वीस दिल्या तर दहा लाखांहून अधिक. प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र चित्रण, आवाज आणि संवाद तयार करणे कोणत्याही निर्मात्यास शक्य नाही. म्हणून वाटा फुटतात आणि थोड्याच अंतरावर पुन्हा एक होतात. पश्चिम रेल्वेच्या प्रवाशास ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. अंधेरीहून बोरिवलीला जाणारा जलद गाडीत बसो वा धीम्या, तो बोरिवलीलाच उतरतो. परंतु जलद गाडी सहसा जोगेश्वरीला थांबत नाही. मुक्काम एक असला तरी दोघांनी पाहिलेली स्थानके एक नसतात.

‘द वॉकिंग डेड’ हा टेलटेल कंपनीचा २०१२ मधील पाच भागांचा खेळ या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. पहिल्याच भागात दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचविता येते. परंतु जो वाचतो तोही तिसऱ्या भागात मारला जातो. कथानायक ली याला चौथ्या भागाच्या अखेरीस होणारा प्राणघातक दंश कोणत्याही निवडीने टळत नाही. फलभेदाच्या मापाने हा खेळ सरळसरळ अपयशी आहे. तरीही तो खेळलेल्यांना क्लेमेंटाइन ही लहान मुलगी विसरता येत नाही. लीने काय केले, काय लपविले, कोणाशी कठोर वागला हे ती पाहत असते व त्यातून जगावे कसे ते शिकत असते. अखेरच्या क्षणी तिच्याकडून काय करवून घ्यावयाचे, हा निर्णय मरणाऱ्या लीला घ्यावा लागतो. त्याचे मरण अटळ आहे, पण मुलीवर टाकावयाचे ओझे अटळ नाही. या खेळाच्या जाहिरातीने आणि आरंभीच्या सूचनेने कथा खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे बदलते असे सांगितले, ही त्याची चूक होय. खेळाची मूळ रचना मात्र निर्दोष आहे. ती खंडोबाच्या पटाची रचना आहे.

त्याच वर्षी आलेल्या ‘मास इफेक्ट ३’ या खेळाविषयी असे म्हणता येत नाही. बायोवेअर कंपनीच्या या त्रयीतील पहिला खेळ २००७ चा, दुसरा २०१० चा. पहिल्या खेळातील निवडी नोंदवून पुढच्या खेळात आणल्या जात असल्याने पाच वर्षांचा हिशेब तिसऱ्या खेळात चुकता होईल, असे वचनच जणू दिले गेले होते. प्रत्यक्षात अखेरीस तीन पर्याय समोर आले आणि त्यांची दृश्ये मुख्यतः रंगानेच वेगळी होती. संतप्त खेळाडूंनी लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे, परंतु एकाच चवीचे सुमारे चारशे कपकेक कंपनीस पाठविले. निषेधाचा इतका नेमका समीक्षालेख क्वचितच लिहिला गेला असेल. कंपनीने जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट विनामूल्य दिला. येथे खेळाडूंची तक्रार रास्त होती. शेवट दु:खद होता किंवा एकच होता, हे तिचे खरे कारण नव्हे. आधीच्या कृतींचा जाब शेवटाने विचारलाच नाही, म्हणजे उत्तरदायित्वाच्या मापानेही तो उणा पडला.

याउलट ‘बायोशॉक’ या २००७ च्या खेळाने निवडीचा अभाव हाच कथेचा विषय केला. खेळणारा ज्या सूचना सौजन्याच्या विनंत्या समजून पाळत आला, त्या नायकाच्या मनावर आधीच बिंबविलेल्या आज्ञा होत्या, हे कथेच्या मध्यावर उघड होते. स्वतःला आधीच हरलेला पुरुष पण लावू शकतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न येथे खेळणाऱ्यालाच उद्देशून विचारला गेला असे म्हणण्यास हरकत नाही. ‘अंडरटेल’ या २०१५ च्या खेळाने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यात सर्वांना मारून मग खेळ पुसून नव्याने आरंभ केला तरी पूर्वीचे कृत्य खेळाच्या स्मरणात राहते आणि नंतरच्या शांततेच्या शेवटावरही त्याची छाया पडते. पूर्वकर्म पटाबाहेरून येते, ही मोक्षपटाची कल्पना या खेळाच्या निर्मात्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. पण रचना तीच आहे.

अलीकडच्या खेळांत तर फासेही परतले आहेत. ‘डिस्को एलिझियम’ या २०१९ च्या खेळात संवादातील अवघड कृतीचा निकाल दोन सहापैलू फाशांनी लागतो. फासे विरुद्ध पडले तरी बहुतेक वेळा कथा थांबत नाही, ती अपयशासह पुढे जाते. ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या खेळात वीसपैलू फासा पडद्यावर घरंगळताना दिसतो. निवड खेळणाऱ्याची, दान फाशाचे, आणि आलेल्या दानासह पुढे काय करावयाचे ही निवड पुन्हा खेळणाऱ्याची. सारीपाटाच्या पटावर बसलेल्याला यात नवे काही वाटले नसते.

पुण्याची ‘राजी’

मराठी मुलखातील कथाप्रधान व्हिडिओ गेमचे ठळक उदाहरण म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळाचे नाव घ्यावे लागेल. तो २०२० मध्ये प्रकाशित झाला व २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यास हिंदी आवाज मिळाले. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास वरून पाहत एकमेकांशी बोलत कथा सांगतात. कठपुतळीच्या छायाचित्रणासारखी दृश्ये, राजस्थानी वाड्यांसारखी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीचे रंग यांमुळे खेळ देखणा झाला आहे.

निवडीच्या दृष्टीने मात्र ‘राजी’ मोक्षपटाच्या बाजूचा आहे. शस्त्रांच्या शक्ती कशा वाढवाव्यात एवढे खेळणाऱ्याच्या हाती आहे, कथेची वाट एकच आहे. छोट्या संस्थेच्या पहिल्या निर्मितीस हे शोभूनही दिसते आणि मर्यादित साधनांत अनेक शाखांची कथा उभारण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. खरी उणीव अन्यत्र आहे. दुर्गा आणि विष्णू राजीविषयी बोलतात, तिच्याशी बोलत नाहीत. तिने काय केले याचा हिशेब कोणी मागत नाही, कारण तिला काही चुकीचे करण्याची मुभाच नाही. दोन देवांना साक्षी ठेवून साक्ष देण्याजोगी एकही निवड नायिकेला न देणे, ही संधी वाया गेली असे म्हणावे लागते. शाखा न वाढविताही ती साधता आली असती.

पुराणकथांवर खेळ रचणाऱ्यांची अडचण अनेकदा अशी सांगितली जाते की शेवट सर्वांना ठाऊक असतो आणि तो बदलणे श्रोत्यांना मान्य होत नाही. रावण मरणार, पांडव वनात जाणार, शिव डाव हरणार. वरील विवेचन पाहता ही अडचण खरी नाही. द्यूतसभेवर खेळ रचावयाचा असेल तर खेळणाऱ्याला युधिष्ठिर किंवा कृष्ण करण्याची गरज नाही. त्याला विकर्ण करावे. धृतराष्ट्राचा हा पुत्र वयाने लहान, सभेत त्याला विशेष मान नाही. ज्येष्ठ मौन धरतात तेव्हा तो उठून द्रौपदीचा पण अवैध असल्याचे सांगतो. कर्ण त्याला गप्प बसवितो आणि सभेचा ओघ तसूभरही बदलत नाही. पुढे युद्धात तो कौरवांच्याच बाजूने लढतो व भीमाच्या प्रतिज्ञेप्रमाणे भीमाच्याच हातून मरतो. शंभर कौरवांना मारणारा भीम या एका मरणावर शोक करतो, असा उल्लेख द्रोणपर्वात येतो. बोलावे की बसून राहावे, एवढीच निवड विकर्णाच्या हाती होती.